मामांचा रुसवा मी टीव्हीवर नेला

मी टीव्हीवर लोकांना हसवतो. लिहितो मीच आणि करतोही मीच, त्यामुळे विनोद पडला तर शिव्या खायला दुसरा माणूस शोधावा लागत नाही. त्याआधी मुरबाडच्या एमआयडीसीत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात झाकणं तपासायचं काम करत होतो. झाकण डब्यावर बसतं की नाही एवढंच पाहायचं. बसलं तर डावीकडे, नाही बसलं तर उजवीकडे. हात कामात आणि डोकं रिकामं, म्हणून मी नापास झाकणांच्या वहीत मागच्या पानांवर नाटुकली लिहायला लागलो. सुपरवायझरने एक दिवस ती वही पकडली, उभ्या उभ्या सगळी वाचली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, की यातला सुपरवायझर टकला का दाखवलाय. ते स्वतः टकले होते. मी म्हणालो, योगायोग आहे साहेब. त्यांनी टोपी घातली आणि मला दुसरीकडे काहीतरी बघायचा सल्ला दिला. सल्ला चांगला होता, म्हणून मी तो घेतला.

कल्याणला एकांकिका केल्या, मग ऑडिशन दिल्या. टीव्हीवरचं माझं पहिलं काम प्रेताचं होतं. धसईच्या बाजारात भाजी घेताना एका बाईने मला ओळखलं आणि म्हणाली, “मेलेल्याचं काम चांगलं केलंस रे, अजिबात हललास नाय.” अभिनयाबद्दल मला मिळालेली ती पहिली दाद. पुढच्या भागात मी त्याच प्रेताचा भाऊ झालो आणि मग हळूहळू मला बोलायला द्यायला लागले. शेवटी एका विनोदी कार्यक्रमात लेखक-नट म्हणून घेतलं. दर आठवड्याला एक नवं स्किट पाहिजे. सगळे लेखक एका थंडगार खोलीत चहाचे कप मोजत बसायचे आणि मुख्य लेखक म्हणायचे, “घरातलं काढा, घरातलं.” प्रत्येक जण घरातलं काढत होता. एकाची बायको, सासू आणि साडू संपून तो शेजाऱ्यांपर्यंत पोचला होता. माझी पाळी आली तेव्हा मी मामांना काढलं.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. आमचं गाव धसईजवळ, मामांचं तिकडे डोळखांबच्या डोंगरात. ते आमच्या घराण्याचे थोरले जावई. जावई म्हटला की मान आला, आणि मान आला की रुसवा आला. पण मामांनी या रुसव्याचं जे केलं ते कोणी केलं नसेल. आमच्या घरातल्या एकाही लग्नात मामा रुसले नाहीत असं झालं नाही. लग्नपत्रिकेत नाव खाली आलं म्हणून रुसले. पुढच्या लग्नात नाव अगदी वर टाकलं, तर म्हणाले, देवांच्या रांगेत बसवलंत, मी काय मेलो का. एकदा ते मांडवात शिरताना बँजो वाजायचा थांबला म्हणून रुसले आणि एकदा थांबला नाही म्हणून.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी बोलणं बंद. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची बारीक घडी. मग उठायचं, आपली प्लास्टिकची खुर्ची उचलायची, गरकन फिरवायची आणि मांडवाकडे पाठ करून गोठ्याकडे बघत बसायचं. खुर्ची फिरली की मांडवभर कुजबुज व्हायची. मग समजूत काढायला माणसं जायची. आधी बायका, त्यांना मामा उत्तर द्यायचे नाहीत. मग माझे बाबा आणि चुलते, त्यांना फक्त “हूं”. मग घरातलं सगळ्यात थोरलं माणूस जायचं, खाली वाकून हात धरायचं, आणि मामा मोठा उपकार केल्यासारखे उठायचे. यात पाऊण तास जायचा, पण कोणाला तो वाया गेला असं वाटायचं नाही.

मी ही खुर्ची जशीच्या तशी टीव्हीवर नेली. टॉवेलची घडी नेली, “हूं” नेलं, गोठ्याकडे बघणंसुद्धा नेलं, फक्त गोठ्याच्या जागी कॅमेरा होता. मुख्य लेखकांनी विचारलं, “पण हा माणूस रुसतो कशाला? त्याचं मोटिव्हेशन काय?” मी म्हणालो, “जावई आहे.” ते म्हणाले, बास, चालेल. रेकॉर्डिंगला मी खुर्ची फिरवली आणि प्रेक्षक असे हसले, की पुढचं वाक्य बोलायला मला थांबावं लागलं. नटाला थांबावं लागणं यासारखं सुख नाही, ते एकदा मिळालं की माणूस बिघडतो. मीही बिघडलो. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची विमानात फिरली, तिसऱ्यात दवाखान्यात, आणि गणपतीच्या खास भागात मी एका वेळी दोन खुर्च्या फिरवल्या. रस्त्यात लोक मला नावाने हाक मारेनासे झाले. मी सगळ्यांचा “खुर्चीवाला मामा” झालो.

मामांना आवडलं का, हे मी विचारलं नाही. आवडलं असणार असं धरून चाललो. विनोदी लेखकाला असं धरून चालावंच लागतं, नाहीतर तो कोणाच्या घरी जेवायला जाऊ शकणार नाही.

मग वैशाखरे गावाला आमच्या एका चुलत बहिणीचं लग्न निघालं. शूटिंगमुळे मी जाऊ शकलो नाही, पण काय झालं ते मला इतक्या जणांनी सांगितलं की मी तिथेच होतो असं वाटतं. मामांना मानाचा टोपी-टॉवेल दिला, त्यातला टॉवेल आखूड निघाला. कारण छान होतं. मामांनी बोलणं बंद केलं, घडी घातली, खुर्ची उचलली आणि गरकन फिरवली. आणि अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. मोबाईल वर झाले. मागून कोणीतरी “वन्स मोअर” दिला. वराकडचा एक पाहुणा जवळ जाऊन कौतुकाने म्हणाला, “टीव्हीवाल्याची नक्कल चांगली करता हो तुमी.” सगळे इतके हसत होते, की समजूत काढायला जायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मामा गोठ्याकडे बघत बसून राहिले. मग त्यांनी आपली खुर्ची आपणच परत फिरवली आणि जेवायला गेले. आमच्या घराण्यात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्यानंतर मामा रुसायचे थांबले. तुम्हाला वाटेल, सुटलो. आम्हालाही आठवडाभर तसंच वाटलं. मग आत्याचा फोन आला.

“ऐक रे,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “तुझे मामा सरळ बोलतात. जेवायला हाक मारली का येतात. परवा आमटीत मीठ जास्ती पडलं, तर गुपचूप जेवले. मला काय हे बरं वाटत नाय.”

“अगं, वयाने शांत झाले असतील.”

“शांत झालेला मानूस निराळा. यांना कशाचंच काय वाटत नाय. तू टीव्हीवर काय ते करतोस, त्यानंच झालंय हे.”

मी हसण्यावारी नेलं. पण थोड्याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आलं आणि हसणं घशात अडकलं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव. त्या दिवशी थोरल्या जावयाने रानातून उंबराची फांदी आणायची, ती मांडवाच्या खांबाला बांधायची, आणि मगच नवरीला हळद. फांदीशिवाय हळद नाही. इतकी वर्षं मामा आधी रुसायचे, मग समजूत निघायची, मग ते रुबाबात जाऊन फांदी आणायचे. या वेळी मामा पहिल्या बसने आले. मांडववाल्याच्याही आधी. आले, चहा प्यायले, चहा गार होता तरी प्यायले, आणि खुर्चीवर बसून राहिले.

लग्नघराचं वेळापत्रक मामांच्या रुसव्यावर बेतलेलं आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आचारी हातात तांदळाचं घमेलं घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

“मामा रुसले का?”

“नाय अजून.”

“मग तांदूळ कदी टाकू? दरवेळी खुर्ची फिरली का आधण ठेवतो, समजूत निघंपर्यंत भात होतो.”

बँजोवाल्याचंही तेच. तो चहाला मामांच्या रुसव्यातच जायचा, आता जाऊ की नको असं विचारत होता. शिवाय रुसव्याची जागा रिकामी आहे असं दिसल्यावर नको ती माणसं पुढे सरसावली. माझ्या चुलत बहिणीचा नवरा, धाकटा जावई, हेल्मेट घालून बाहेर मोटारसायकलवर जाऊन बसला. तो रुसलाय हे कोणाला कळलंच नाही. चुलतीला वाटलं बाजारात निघालाय, तिने त्याला कोथिंबीर आणि लिंबं आणायला सांगितली. तो घेऊन आला बिचारा.

बाबांनी मला गोठ्यामागे नेलं. “तू केलंस हे, आता तूच निस्तर. काय पन कर, पन त्यांना रुसव.”

मी विनोदी लेखक. माझ्या डोक्यात लगेच स्किट तयार झालं. मामांचा सगळ्यात मोठा मान कोणता, तर फांदी. तोच काढून घ्यायचा. मामा भडकतील, खुर्ची फिरवतील, आम्ही सगळे धावू, हातापाया पडू, आणि गाडी रुळावर येईल. मी बँजोवाल्याचा माईक घेतला आणि मांडवात जाहीर केलं, की या खेपेला उंबराची फांदी धाकटे जावई आणतील.

सगळ्यांनी मामांच्या खुर्चीकडे बघितलं. आत्याने आशेने पदर खोचला. आचारी घमेलं घेऊन चुलीकडे पळाला.

“बरं हाय,” मामा म्हणाले. “तरुण मानूस हाय, आनू दे.”

ते उठले, चपला शोधल्या आणि मांडवाच्या बाहेर गेले. आम्हाला वाटलं लघवीला गेले असतील. थोड्या वेळाने आत्या ओसरीवरून आली आणि म्हणाली, “त्यांची पिशवीपन नाय.”

मग जे व्हायचं ते झालं. धाकटा जावई म्हणाला, मामांची फांदी मी तोडणार नाय, मला पाप लागंल. आत्या बसून रडायला लागली. आणि माझी बहीण बाहेर आली. तिला हळद लागायची होती, पण चेहरा आधीच लाल झाला होता.

“दादा, माझ्या लग्नात मला तुझा एपिसोड नको,” ती म्हणाली. “मामा आल्याशिवाय मी हळदीला बसनार नाय. जा.”

मी पळालो. फाट्यावर पोचल्यावर कळलं, की मामांची खुर्ची माझ्या हातातच राहिली आहे. कधी उचलली ते आठवत नाही, कदाचित त्यांना बसवून आणायचं माझ्या मनात असावं.

फाट्यावर मामा मुरबाडच्या एसटीची वाट बघत दगडावर बसले होते. शेजारी बाजाराला निघालेल्या दोन बायका आणि एक गृहस्थ होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकांनी मला ओळखलं. खुर्ची हातात असल्यावर ओळखायला वेळ तो किती लागणार.

“अगो, खुर्चीवाला मामा. आनि खुर्ची घेऊनच फिरतो.”

“ताई, जरा थांबा, मी इथं कामाला आलोय.”

“एक फोटो दे, मग काम कर.” बाईने मोबाईल काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि तो सरळ मामांच्या हातात दिला. “बाबा, जरा काडा.”

मामा उठले. त्यांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला, मला म्हणाले, “जरासा डावीकडं सरक, तोंडावर ऊन येतंय,” आणि माझा फोटो काढला. एक हलला म्हणून दुसरा काढला. मी हसऱ्या चेहऱ्याने खुर्ची धरून उभा होतो. आयुष्यात इतकी लाज मला प्रेताचं काम करतानाही वाटली नव्हती. फोटो झाल्यावर मामांनी मोबाईल नीट पुसून बाईला परत केला आणि पुन्हा दगडावर बसले.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ठेवली आणि तिच्यावर बसलो. मग वाटलं, ते दगडावर आणि मी खुर्चीवर, हे चुकतंय. मग उठलो. मग उभं राहणंही बरं दिसेना. माणसाची समजूत काढताना कसं बसतात, ते मला माहीतच नव्हतं.

“मामा, चुकलं माझं,” मी म्हणालो. “तुमची चेष्टा केली मी.”

“चेष्टेचं काय नाय रे.” मामा रस्त्याकडे बघत होते. “तुझं ते मी सगलं बगतो. आत्याच्या मोबाईलवर. विमानातलं तर दोनदा बगितलं. हसतो मी.”

“मग?”

“तू रुसतोस चांगला. पन समजवाला येतो का कोन?”

मी विचार करायला लागलो. खुर्ची विमानात फिरली होती, दवाखान्यात फिरली होती. दरवेळी खुर्ची फिरली, लोक हसले आणि दिवे बंद झाले. समजूत काढायला मी एकाही भागात एकही माणूस लिहिला नव्हता. सुचलाच नव्हता.

“माझे आईबाप वीटभट्टीला जायचे,” मामा म्हणाले. “सहा-सहा महिने. मी चुलत्याकडं. तिथं आमी सात पोरं. रुसून बसलो तर माझं ताट दुसऱ्याच्या पुढं सरकायचं. एक-दोनदा रुसलो, उपाशी निजलो, मग सोडलं. म्हंजे मला ती सवयच नव्हती. मग तुझ्या आत्याशी लगीन झालं. पैल्या सनाला आलो, कायतरी बिनसलं, मी आपला गोठ्याकडं जाऊन बसलो. वाटलं, जेवतील नि झोपतील सगली. तर तुझा आजा आला. सगलं घर थांबलेलं जेवायचं. खाली बसला माझ्यापुढं, हात धरला नि बोलला, पाव्हनं, तुमच्याबिगर कोन घास घेनार हाय.”

दोन्ही बायका गाठोड्यांवर बसून ऐकत होत्या.

“तवापासून दर लग्नाला रुसतो मी. अजून येतात का बगाला. वैशाखऱ्याला हसली सगली, चांगली हसली, मलापन हसू येत होतं. पन आला कोन नाय.”

माझे डोळे भरून आले आणि ते पुसायला रुमालही नव्हता. आपण एका माणसाची अख्खी गंमत उचलून नेली आणि त्यातली मायाच तेवढी मागे ठेवली, हे मला त्या फाट्यावर समजलं, आणि माझी मलाच चीड आली.

तेवढ्यात एसटी आली. बायका गाठोडी घेऊन उठल्या, गृहस्थ चढले. मामाही उठले, पिशवी काखेत घेतली. मी खुर्ची बाजूला ढकलली आणि रस्त्याच्या कडेला मातीतच त्यांच्यापुढे खाली बसलो. त्यांचा हात धरला. हात खरखरीत होता आणि गरम होता.

“मामा,” मी म्हणालो, “घर थांबलंय. ती हळदीला बसत नाय. आचाऱ्यानं भात टाकलेला नाय. तुमच्याबिगर कोन जेवनार हाय.”

कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, “आजोबा, येताय का? का याचं शूटिंग चालू हाय?”

“शूटिंग नाय,” मी म्हणालो. “खरं हाय.”

वर चढलेल्या बायकांपैकी एकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “जा हो बाबा, पोरगा मातीत बसलाय.”

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बसकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली.

“जा रे तुमी,” ते कंडक्टरला म्हणाले. “आमाला टाइम लागंल.”

घंटी वाजली. बस धूळ उडवत मुरबाडकडे गेली. रस्ता मोकळा झाला, आता आम्ही दोघंच. मामा पुन्हा दगडावर बसले. त्यांनी हात माझ्या हातातून हलकेच सोडवून घेतला, खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची बारीक घडी घातली, तोंड डोंगराकडे फिरवलं आणि म्हणाले, “हां. आता काढ समजूत.”